पवनारचा संयम आणि लेकराचं ताट

१९३८ साली विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनारला आले तेव्हा त्यांचं वजन ८८ पौंडांवर उतरलं होतं. नालवाडीत सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवरच जगायचा प्रयोग त्यांनी केला होता, आणि त्यात शरीर झिजलं होतं. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला. विनोबांनी थंड हवेचं ठिकाण न निवडता धाम नदीकाठचा जमनालाल बजाजांचा बंगला निवडला. तिथे विश्रांती आणि रोज थोडं थोडं वाढवत नेलेलं खोदकाम यांनी प्रकृती सुधारली. पुढे नोव्हेंबर १९८२ मध्ये याच पवनारला त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात. मात्र दोन्ही वेळा ताटात काय असावं हे ठरवणारा, ते सोसणारा आणि त्याचा अर्थ सांगणारा माणूस एकच होता. अशा आहारप्रयोगांचं नैतिक बळ याच एकपणात होतं. मिरगीसारख्या आजारात आहार हेच औषध म्हणून एखाद्या लेकरावर लादावा लागतो, तेव्हा हे एकपण तुटतं. आहार डॉक्टर ठरवतात, सोसतं लेकरू आणि गुण आला का ते आई सांगते. म्हणून अशा उपचाराचं यश मोजताना लेकराची साक्ष काढलीच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

मिरगीवर आहाराचा उपचार नवा नाही. चरकसंहितेत अपस्मारासाठी पंचगव्य आणि महापंचगव्य घृत सांगितलं आहे. त्यावरून आजचा केटोजेनिक आहार आपल्याकडे आधीच होता असं म्हणणं मात्र चूक ठरेल. तिथे सिद्ध तूप हे औषध आहे, इथे सगळं जेवणच बदलतं. आधुनिक धागा सुरू होतो तो उपवासापासून. १९११ साली फ्रान्समध्ये गेल्पा आणि मारी यांनी मिरगीच्या रुग्णांवरचे उपवासाचे प्रयोग नोंदवले. १९२१ साली अमेरिकेत गेलिन यांनी उपवासाने झटके थांबतात असं मांडलं. त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी पुढचं पाऊल टाकलं: उपाशी न ठेवता, भरपूर स्निग्ध आणि अगदी थोडे पिष्ट पदार्थ देऊन शरीरात उपवासासारखी अवस्था आणायची. हाच केटोजेनिक आहार. विनोबा वर्ध्याला आले ते वर्षही १९२१च. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण फरक बोलका आहे. एकीकडे उपवास हे स्वतःवर घेतलेलं व्रत होतं, दुसरीकडे तो दुसऱ्याला द्यायचा उपचार होत होता.

१९३८ मध्ये फेनिटॉइन हे मिरगीवरचं औषध आलं आणि गोळ्यांच्या सोयीपुढे हा आहार मागे पडला. १९९०च्या दशकात, गोळ्यांना दाद न देणाऱ्या मिरगीसाठी, तो परतला. २००८ साली लंडनमध्ये १४५ मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी आहाराच्या गटातल्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले होते; आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. २००९ मध्ये मुंबईच्या डॉ. जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी भारतीय मुलांवरचा आपला अनुभव ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये मांडला. म्हणजे उपचार खरा आहे. पण त्याची किंमत आपल्या ताटात मोजून पाहावी. कडक प्रकारात चार भाग स्निग्धांश असेल तर पिष्ट आणि प्रथिनं मिळून एकच भाग. विदर्भातल्या घरातली भाकरी, पोळी, भात, तुरीचं वरण बहुतेक बाजूला पडतं. शाळेतली खिचडी नाही, पंगतीतला घास नाही, तान्हा पोळ्याला दारोदार मिळणारा खाऊ नाही. बद्धकोष्ठ, मूतखडा आणि खुंटणारी वाढ यांवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून हा आहार घरच्या घरी, डॉक्टरांविना सुरू करायचाच नसतो.

यावर कुणी म्हणेल, झटके थांबले की आयुष्य सुधारलंच. वेगळं मोजायचं काय? पण त्याच चाचणीचा आकडा उलटा वाचला तर ६२ टक्के मुलांना तेवढा गुण आला नव्हता, आणि त्यांतल्या अनेकांनी आहार सोसलाच. शिवाय झटके फारसे कमी न होताही मूल अधिक सावध झालं, असं सांगून काही पालक आहार चालू ठेवतात. नुसते झटके नोंदवणाऱ्या वहीत या दोन्ही गोष्टी सापडत नाहीत. झटक्यांपलीकडचं असं काही मोजण्यासाठी त्या चाचणीआधीच, २००० साली, ऑस्ट्रेलियात मिरगीग्रस्त मुलांच्या जीवनमानाची प्रश्नावली तयार झाली. लक्ष, भावना, मैत्री, खेळ यांबद्दल तिने विचारलं, पण उत्तरं पालकांकडून घेतली. २००३ साली कॅनडात रोनेन यांच्या गटाने आधी मुलांनाच बोलतं केलं आणि मूल व पालक दोघांसाठी २५ प्रश्नांची जोड-प्रश्नावली केली. पुढे त्यांना दिसलं की पालक आणि मुलांची उत्तरं काही बाबतींत जुळतात, पण आजार लपवण्यासारख्या आतल्या गोष्टींत जुळत नाहीत. आईची माया इथे कमी पडत नाही. लेकरू जे लपवतं ते तिलाही दिसत नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. या आहारावरच्या कित्येक मुलांची समज मागे राहिलेली असते, काहींना बोलताच येत नाही. ती काय साक्ष देणार? पण ताटावरून तोंड फिरवणं, घास गालात धरून ठेवणं, भावंडाच्या पोळीकडे हात नेणं, किंवा महिन्याभराने आईच्या हाकेला पहिल्यांदा मान वळवणं, ही उत्तरंच आहेत. ती टिपायला शिक्षक, भावंडं आणि आजी यांना विचारावं लागेल, आणि परदेशी प्रश्नावलीचं नुसतं मराठी करून भागणार नाही. पंगत, प्रसाद, शाळेतली खिचडी यांचे प्रश्न तिच्यात नव्याने घालावे लागतील. पवनारलाही वजनाचा आकडा होता, पण ज्याचं ते वजन होतं तो माणूस त्या आकड्याचा अर्थही स्वतः सांगू शकत होता. लेकराला तो अर्थ एकट्याने सांगता येत नाही. म्हणून झटक्यांच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवणं आणि तिच्यात त्याच्या शब्दाला, नाहीतर खुणेला, पहिली जागा देणं हे मोठ्यांचं काम आहे.