घाट हे फक्त तात्कालिक कारण

इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो : 'अमुक उठावाची कारणे लिहा.' आधी मूळ कारणे लिहायची आणि शेवटी तात्कालिक कारण. १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण काय, तर काडतुसे. नुसती काडतुसे लिहून थांबलेल्या मुलाला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. ठिणगी कुठे पडली हे सांगणे सोपे असते, पण दारू कोणी आणि कधी साठवली ते शोधावे लागते.

आमच्या पनवेल-खोपोली रस्त्यावरचे गाड्या दुरुस्त करणारे मेस्त्री हाच प्रश्न गेली सत्तर-ऐंशी वर्षे रोज सोडवत आले आहेत. त्यांचा पेपर म्हणजे बोरघाट. आज थोडे त्यांच्या विषयाबद्दल लिहिते. इंजिनाविषयी वाचायचे म्हटल्यावर काही मंडळी पान बंद करतील, पण जरा थांबा. यात इतिहासच जास्त आहे.

पनवेल हे मुळात खाडीवरचे बंदर. देशावरचा माल घाट उतरून इथे यायचा आणि इथून गलबतात चढायचा. बैलगाड्यांची चाके बनवण्यासाठीही आपले गाव एके काळी नावाजलेले होते. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. त्याच रस्त्यावरचा अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना पाडला. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली आणि १९२९-३० च्या सुमारास ती विजेवर धावू लागली. वाफेच्या इंजिनाची धाप तिथे थांबली. रस्त्यावरच्या मोटारींची धाप मात्र पुढे कित्येक वर्षे ऐकू येत होती.

खोपोली ते खंडाळा हा चढ सुमारे ५०० मीटरचा. पनवेलपर्यंत सपाटीवर सुरळीत आलेली गाडी इथेच का बसायची?

इंजिनाला पेट्रोल लागते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण हवा किती लागते याचा विचार आपण करत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा, एक लहानसे न्हाणीघर भरेल एवढी. पेट्रोल आणि हवा यांचे हे प्रमाण सांभाळणे म्हणजेच गाडीचे ट्यूनिंग. हवा कमी पडली तर काळा धूर येतो आणि ताकद जाते. पेट्रोल कमी पडले तर इंजिन तापते, झटके देते आणि शेवटी बंद पडते. लोणावळ्याच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के विरळ असते. हा फरक लहान आहे, पण माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढत असते तेव्हा तोही जाणवतो.

माझ्या पिढीला घाट आठवतो तो फियाटमुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११००-डी तयार होऊ लागली, आणि पुढे सत्तरच्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून बसवलेला असे. आत एक पातळ पडदा, इंजिनाच्या फिरण्याबरोबर तो वरखाली व्हायचा आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. मे महिन्यात, दुपारच्या वेळी, ट्रकच्या मागे रांगत घाट चढताना बोनेटखाली भट्टी व्हायची. नळीतले पेट्रोल तिथेच उकळून त्याची वाफ व्हायची. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला, त्याला वाफ ढकलता येत नाही. टाकी भरलेली, पण इंजिन उपाशी!

मग रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून गाड्यांची रांग उभी राहायची. पंपावर ओले फडके ठेवायचे, मुलांना शेंगा द्यायच्या आणि अर्धा तास वाट पाहायची. गाडी मुकाट सुरू व्हायची. लोक म्हणायचे, घाटाने गाडी बसवली. घाट हे तात्कालिक कारण. मूळ कारण म्हणजे तो तापणारा पंप, आणि तो तर मुंबईहून निघाल्यापासून तिथेच होता.

पनवेलच्या जुन्या रस्त्यावरच्या एका मेस्त्रींचा मुलगा माझ्या वर्गात होता. ते मला एकदा म्हणाले होते, "बाई, गाडी कुठे बंद पडली ते सांगू नका. बंद पडायच्या आधी काय करत होती ते सांगा." झटके देत होती की एकदम गेली? थंड झाल्यावर चालू झाली का? धूर कसला होता? इतिहास शिकवणाऱ्याने याहून वेगळे काय विचारायचे असते?

त्यांची पद्धत ठरलेली होती. इंजिनाला शेवटी हात लावायचा. इंजिनापासून नळीच्या उलट दिशेने मागे चालत जायचे. आधी कार्बोरेटर, मग पंप, मग गाळणी, मग नळीचे सांधे, मग टाकी, आणि टाकीच्या झाकणाचे बारीक भोकसुद्धा. ते भोक बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल येईनासे होते. भरलेल्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल धड पडत नाही, तसेच हे. पाच पैशांचा दोष आधी तपासायचा आणि पाचशेचा नंतर. १८७२ पासून पनवेलात धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधे बनत आली आहेत. निदान आधी, औषध मागाहून, हे या गावाला नवीन नाही.

डिझेलच्या ट्रकची तऱ्हा निराळी. १९५४ पासून टेल्कोचे ट्रक डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने तयार होऊ लागले. किर्लोस्करांनी १९४६ पासूनच पुण्याजवळ खडकीला डिझेल इंजिने करायला घेतली होती, आणि १९५१ मध्ये बंगळूरला निघालेल्या मायकोमुळे डिझेलचे पंप आणि नॉझल देशात बनू लागले. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला की काम संपले, कारण बुडबुडा दाबला जातो आणि डिझेल पुढे जात नाही. याला 'एअर धरली' म्हणतात. मग स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारत बसायचे. पहाटे घाटाच्या पायथ्याला क्लीनरची पोरे हेच करताना दिसत.

याच ट्रकांनी एक मोठा धडा दिला. जास्त माल लादता यावा म्हणून काही मालक पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेत. पण डिझेल वाढवले तरी हवा तेवढीच! जास्तीचे डिझेल अर्धवट जळायचे आणि घाटभर काळा धूर सोडत, इंजिन तापवत ट्रक रांगायचा. भूक वाढवली, पण श्वास वाढवला नाही.

श्वास वाढवण्याची युक्ती फार आधी निघालेली होती. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची. हाच टर्बो. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच डोंगरावर नेऊन, विरळ हवेत टर्बोने त्याची गेलेली ताकद परत येते हे दाखवून दिले. म्हणजे टर्बोची मोठी परीक्षासुद्धा घाटातच झाली. आपल्याकडे ट्रक आणि गाड्यांत टर्बो सर्रास दिसू लागला तो १९९० नंतर, आणि धुराचे नियम कडक झाल्यावर तर आणखीच.

काश्मीरला सहलीला गेलेल्यांनी गुलमर्गला बर्फावरची स्कूटर पाहिली असेल. सहलीच्या त्या गाड्या साध्या असतात. पण कॅनडा-अमेरिकेच्या डोंगरांत टर्बो लावलेल्या बर्फगाड्या चालतात, आणि त्यातल्या पुष्कळ टू-स्ट्रोक असतात, आपल्या जुन्या बजाज चेतकसारख्या. तिथे सगळीच गणिते एकत्र येतात. थंड हवा दाट, म्हणून पेट्रोल जास्त हवे. उंचीवरची हवा विरळ, म्हणून कमी हवे. टर्बोने हवा कोंबली की पुन्हा जास्त हवे. त्या क्षणी पंप मागे पडला, गाळणी तुंबली किंवा नळीतला दाब उतरला, तर मिश्रण कोरडे पडते आणि पिस्टन अक्षरशः वितळतो. सवार मात्र म्हणतो, टर्बोने इंजिन खाल्ले. तिथेही टर्बो बहुधा तात्कालिक कारणच.

चेतकवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. पेट्रोलमध्ये लिटरला वीसेक मिलिलिटर ऑइल घालायचे, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. बिस्किटासारखा तपकिरी असला तर प्रकृती उत्तम. काळा असला तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असला तर सावध, कारण पेट्रोल कमी म्हणजे त्यातले ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम होणार. वैद्याने जीभ बघावी तसा मेस्त्री प्लग बघायचा.

२००० सालच्या सुमारास नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जाऊ लागला. पंप टाकीत गेला आणि पेट्रोल दाबाखाली येऊ लागले. दाब वाढला की उकळायला जास्त उष्णता लागते (कुकरचे उलटसुलट गणित मुलींना लगेच समजायचे), म्हणून ओले फडके इतिहासजमा झाले. एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. २०२० च्या एप्रिलपासून देशभर बीएस-६ आले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. आता हवा किती, इंधन किती, हे संगणक सेकंदाला कितीतरी वेळा ठरवतो आणि दोष आकड्यात सांगतो. पण तो आकडासुद्धा लक्षणच असतो. 'दाब कमी' एवढे संगणक सांगतो. दाब का कमी, यासाठी आजही नळीच्या मागे मागे चालत जावे लागते.

आणि ही नळी टाकीपाशी संपत नाही. मेस्त्री टाकीतले दोन थेंब बोटांवर चोळून वास घेत. पेट्रोल झटकन उडून जाते, पण रॉकेल असले तर बोट तेलकट राहते. रेशनचे स्वस्त रॉकेल इंधनात मिसळणे हा राज्यातला मोठा काळा धंदा होता. सपाटीवर ते खपून जायचे. घाटात मात्र गाडी खडखडायची आणि प्लग काळे पडायचे. मालक मेस्त्रीशी भांडायचा, मेस्त्री इंजिनाशी.

२५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला हीच भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. नळीच्या मागे मागे शेवटपर्यंत चालत गेलेला हा माणूस. गाळणी आणि टाकी ओलांडून तो टँकरपर्यंत पोचला, आणि त्याची किंमत त्याने प्राणांनी मोजली. खोपोलीच्या मेस्त्रीने बोटावर घेतलेला वास आणि सोनावणे यांनी केलेली तपासणी या एकाच शोधाच्या दोन पायऱ्या होत्या, असे मला वाटते. म्हणून घाटातल्या बंद गाडीच्या इतिहासात गव्हर्नर माल्कम यांचे नाव येते, तसे सोनावणे यांचेही आले पाहिजे.

असो. लिहिता लिहिता बरेच लांबले. तुमच्यापैकी कोणाच्या घरी जुनी फियाट किंवा चेतक होती, कोणी मेस्त्रीच्या हाताखाली काम केले असेल, तर त्या वेळच्या युक्त्या जरूर लिहून पाठवा. ही माणसे आता थोडी राहिली आहेत आणि त्यांनी कधी वही ठेवली नाही.