सौंदत्तीच्या डोंगरावर पहिला मुक्काम : चैत्र पुनवेच्या यात्रेची पूर्वतयारी

हुबळीच्या जुन्या वस्तीतील कमरीपेठ आणि लगतची दाजीबानपेठ या भागांत सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची, म्हणजे पट्टेगारांची, मोठी वस्ती आहे. या समाजाची कुलदेवता तुळजाभवानी, आणि घरातील बोलीत मराठी शब्दांचा भरणा. पुराणकथेत ज्या सहस्रार्जुनाच्या कुळाशी जमदग्नीचे हाडवैर झाले, त्याला हा समाज आपला पूर्वज मानतो. आणि त्याच जमदग्नीची पत्नी रेणुका येथून साठ-सत्तर किलोमीटरवरील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा म्हणून नांदते. पुराणातील हे वैर पेठेतल्या व्यवहारात मात्र कोठे आढळत नाही.

गोव्यातून सौंदत्तीला प्रथमच मुक्कामी जाणाऱ्या कुटुंबाने ही पेठ ध्यानात ठेवावी ती वेगळ्या कारणासाठी. डोंगरावर पोहोचण्यापूर्वी शेवटची सावकाश, घासाघीस करून खरेदी करता येते ती हुबळीत. कमरीपेठेपासून दुर्गदबैलपर्यंतच्या जुन्या बाजारात ताडपत्री, सुतळी, नायलॉनची दोरी, चटया, पाण्याचे कॅन हे सारे मिळते. यात्रेच्या जागी याच वस्तू मिळाल्या तरी दर तिथले आणि दर्जा नशिबाचा. गल्ल्या अरुंद असल्याने मोठे वाहन बाहेरच उभे करून पायी फिरणे बरे.

यल्लम्माच्या यात्रेच्या पुनवा अनेक आहेत. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेची गर्दी मोठी, पण त्या थंडीच्या दिवसांतल्या. चैत्री पौर्णिमा, जिला कन्नडमध्ये दवणाद हुण्णिमे म्हणतात, बहुधा एप्रिलमध्ये येते आणि ऐन उन्हात सापडते. कोल्हापूर, बेळगाव, सांगलीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ट्रॅक्टर, ट्रक आणि पूर्वी बैलगाड्यांनी येऊन डोंगराच्या माळावर पाल ठोकून राहत आली आहेत. त्यांना काय न्यावे, कोठे उतरावे हे सांगावे लागत नाही. अडचण होते ती नवख्यांची, विशेषतः समुद्रकाठच्या हवेला सरावलेल्या गोवेकरांची.

गोव्यातील उन्हाळा दमट असतो. घाम अंगावर राहतो, कपडे भिजतात आणि तहान लागते. सौंदत्तीचे ऊन कोरडे आहे. पारा ३७-३८ अंशांवर जातो, पण घाम येताक्षणी वाळून जातो, त्यामुळे ‘घामच येत नाही, मग त्रास कसला’ असा समज होतो. शरीरातले पाणी कमी होत असते ते कळत नाही. म्हणून येथे तहानेची वाट न पाहता घड्याळ पाहून पाणी प्यावे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाण्याचा हिशेब धरावा. अंघोळ-धुण्याचे पाणी त्यात नाही. दर दोन तासांनी लहान मुलांना नुसते पाणी न देता मीठ-साखरेचे पाणी द्यावे. त्याचे प्रमाण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असे आहे. अंदाजाने मीठ जास्त पडल्यास ते मुलाला अपाय करते, म्हणून चमचा सोबत ठेवावा.

कोणी भोवळून पडला, अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात समजावा. रांगेतली जागा जाईल या विचाराने थांबू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. भक्ताला देवीच्या दारी काही होत नाही, असे म्हणणारे कोणी ना कोणी भोवती असतेच. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ जाऊ नये.

आता जागेविषयी. डोंगर खडकाळ आहे. आयत्या तंबूसोबत येणाऱ्या बारीक लोखंडी खुंट्या त्या खडकात शिरत नाहीत आणि शिरल्या तरी वाऱ्याने उपटतात. जुने यात्रेकरू दोरीच्या टोकाला डोक्याएवढा दगड बांधतात. तोच मार्ग खात्रीचा. पाल नाल्याच्या पात्रात किंवा उताराच्या तळाशी कधीही ठोकू नये. एप्रिलमध्ये दिवसभर आकाश निरभ्र असते आणि दुपारनंतर तासाभरात वळीव येतो, कधी गारांसह. कोरडा नाला तेव्हा भरून वाहतो. वीज चमकू लागल्यास एकट्या झाडाखाली किंवा लोखंडी खांबाजवळ उभे राहू नये. बंद वाहनात बसणे त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. गोव्यातून निघताना छत्री घेतली जाते, पण डोंगरावरच्या वाऱ्यात ती उलटते. तिच्याऐवजी जाड ताडपत्री दुहेरी घ्यावी, एक वर आणि एक खाली.

वाहनांविषयीची सूचना सर्वांत महत्त्वाची. दुपारी सावलीसाठी ट्रकखाली आडवे होण्याची आणि रात्री ट्रॉलीच्या मागे अंथरूण टाकण्याची सवय यात्रांमधून सर्वत्र दिसते. चालक दमलेला असतो, अंधारात गाडी मागे घेतो, आणि ज्या माणसाने त्याला गाडी मागे घेताना हात दाखवायचा तोही झोपलेला असतो. म्हणून पाल आणि वाट यांच्यामध्ये आपलेच वाहन आडवे उभे करावे, चाकांना दगड लावावेत आणि गाडीच्या पुढे, मागे, खाली कोणालाही झोपू देऊ नये. पाहुणा झोपायचा हट्ट करीत असेल तर त्याला उठवण्यात अपमान मानू नये.

चूल तीन दगडांची असो वा गॅसची, ती पालापासून काही पावले दूर आणि वाऱ्याच्या पुढच्या बाजूस हवी, म्हणजे ठिणगी पालाकडे येणार नाही. वारा कोठून येतो हे चिमूटभर धूळ सोडून कळते. बाजूला मातीची एक बादली भरून ठेवावी. रेल्वेने येणाऱ्यांनी गॅस सिलिंडर किंवा रॉकेल सोबत आणण्याचा विचारही करू नये. गाडीत ज्वालाग्राही पदार्थ नेणे गुन्हा आहे. तसेच गोव्यातील मद्याच्या बाटल्या सीमेवरील अबकारी नाक्यांवर शोधल्या जातात आणि यात्रेच्या गाडीलाही सूट नसते. तपासणीत गेलेले दोन तास हे पुढे उन्हात मोजावे लागणारे दोन तास असतात.

शिदोरीत टिकाऊ पदार्थ असावेत. उत्तर कर्नाटकातील कडक भाकरी, शेंगाचटणी, भाजलेले पोहे, चणे, गूळ हे दोन-तीन दिवस सहज टिकते. गोवेकराचा जीव भातात असतो हे खरे, पण या उन्हात सकाळचा भात संध्याकाळी खाणे म्हणजे जुलाबाला आमंत्रण. भात शिजवावा तेवढाच आणि संपवावा तेव्हाच. मासळीची सोय शोधू नये. देवीच्या परडीत भरण्यासाठी भाकरी, पुरणपोळी, भाजी असे पदार्थ करण्याचा परिपाठ आहे. ज्या घरी ही रीत नाही त्यांनी शेजारच्या पालातील एखाद्या आजीला विचारले तर ती चुलीपाशी बसवून शिकवते, आणि परडी भरल्याशिवाय उठू देत नाही.

देवळात जाण्यापूर्वी जोगुळभावी येथे स्नान करण्याची प्रथा आहे. रेणुकेच्या शापमुक्तीची कथा या पाण्याशी जोडलेली आहे आणि सत्यम्माचे देऊळही तेथेच आहे. उन्हाळ्यात पाणी कमी असते आणि नहाणारे हजारो. हे पाणी स्नानापुरतेच वापरावे. तीर्थ म्हणून लहान मुलांच्या तोंडात घालू नये. मलप्रभेच्या जलाशयाकडे फिरायला जाणाऱ्यांनी काठावरूनच परतावे. धरणाच्या पाण्यात तळ दिसत नाही, आणि नदीत पोहणाऱ्यालाही तेथील खोलीचा अंदाज येत नाही.

रात्री विंचवाचे भय असते. दिवसभर तापलेल्या दगडांखालून तो अंधारात बाहेर पडतो. पादत्राणे झटकूनच पायात घालावीत, अंथरूण अंथरण्यापूर्वी खालचे दगड उचलून पाहावेत, विजेरीशिवाय पालाबाहेर पाऊल टाकू नये. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि पूर्वी वाचत नसलेले रुग्ण वाचू लागले. मात्र हे औषध वेळेत मिळाले पाहिजे. मंत्र घालणाऱ्याकडे न जाता थेट सौंदत्तीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रकृती गंभीर असल्यास धारवाड सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि मोठ्या उपचारांसाठी हुबळीचे किम्स रुग्णालय.

गर्दीत मूल हरवणे ही यात्रेतील नित्याची घटना. रोज सकाळी मुलाचे त्या दिवशीच्या कपड्यांतले छायाचित्र मोबाईलवर काढून ठेवावे. भांबावलेल्या आईला सदऱ्याचा रंग आठवत नाही. मुलाच्या खिशात दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी आणि तोच क्रमांक शाईने दंडावर लिहावा, कारण चिठ्ठी घामाने विरते. चुकामूक झाल्यास भेटण्याचे ठिकाण म्हणून देवळाचा दरवाजा ठरवू नये. प्रत्येक कुटुंबाने तोच ठरवलेला असतो. एखादा क्रमांक लिहिलेला विजेचा खांब किंवा पाण्याची टाकी बरी. पुनवेच्या दिवशी मोबाईलची यंत्रणा कोलमडते, तेव्हा फोनवर विसंबू नये आणि पैशांचे व्यवहारही रोखीने करावेत. यात्रेकरूंमध्ये मराठी जाणणारे पुष्कळ असले तरी पोलीस आणि आरोग्य केंद्रातील माणसे कन्नडभाषक असतात. ‘मगु काणेयागिदे’, म्हणजे मूल हरवले आहे, आणि ‘कुडियुव नीरु एल्लि’, म्हणजे पिण्याचे पाणी कोठे, एवढी दोन वाक्ये घरातील प्रत्येकाने पाठ करावीत. पोलिसांसाठी ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक देशभर चालतात.

स्त्रियांच्या अडचणीविषयी यात्रेची माहितीपत्रके बहुधा गप्प असतात. शौचालये आहेत, पण पुनवेच्या दिवशी अपुरी पडतात. पहाटे चारच्या सुमारास, दोघी-तिघींनी मिळून, विजेरी घेऊन जाणे सोयीचे. पाणी कमी प्यायले की शौचाला जावे लागणार नाही, हा अनेकींचा हिशेब या उन्हात धोक्याचा ठरतो. जुन्या साड्यांचा एक आडोसा पालाच्या मागे उभारला तर अंघोळ आणि कपडे बदलणे निभते. दागिने घरीच ठेवावेत.

एका गोष्टीबाबत मौन बाळगणे योग्य नाही. या क्षेत्राच्या इतिहासात मुली देवीला सोडण्याची प्रथा होती. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी आणि त्यांवर आधारित २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटाने मराठी वाचक-प्रेक्षकांना त्या जगाची ओळख करून दिली. कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा करून देवदासी म्हणून समर्पण करण्यास बंदी घातली आहे. मुलीच्या केसांत जट झाली म्हणून तिला देवीची मानण्याचा सल्ला कोणी पालात येऊन दिला, तर तो नाकारावा; जट ही केसांची निगा न राखल्याने होते आणि कात्रीने निघते. जोगतिणींशी वागताना मात्र तुच्छता नसावी. चौंडक्यावर गाणाऱ्या वृद्धेचे छायाचित्र तिला विचारूनच काढावे.

प्रवासाचे मार्ग दोन. रस्त्याने येणाऱ्यांसाठी फोंडा, मोले, अनमोड घाट, रामनगर, अळणावर, धारवाड ही वाट, किंवा चोर्ला घाटातून बेळगावमार्गे थेट सौंदत्ती. रेल्वेने वास्को किंवा मडगावहून हुबळीला उतरून पुढे वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसने जाता येते. हुबळी आणि धारवाड दोन्हीकडून बस आहेत. जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना बसप्रवास विनामूल्य आहे, पण ती सवलत कर्नाटकच्या रहिवाशांपुरती आहे. गोव्याचे आधारकार्ड दाखवून वाहकाशी हुज्जत घालण्याऐवजी तिकीट काढावे. सौंदत्ती गावापासून डोंगर सुमारे पाच किलोमीटर आहे आणि यात्रेत वाहने अलीकडेच अडवतात, तेव्हा सामान पाठीवर वाहता येईल एवढेच असावे.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सारा माळ एकदम रिकामा होऊ लागतो आणि बससाठी झुंबड उडते. एक रात्र अधिक काढून तिसऱ्या दिवशी पहाटे निघणाऱ्यास बसायला जागा मिळते, दर्शनाची रांगही त्या संध्याकाळी ओसरलेली असते. चूल पाण्याने पूर्ण विझवावी, राखेत हात फिरवून पाहावा, प्लॅस्टिक पिशव्या गोळा करून सोबत न्याव्यात. मागे राहिलेल्या पिशव्या पहिल्याच वळवात वाहून मलप्रभेला मिळतात. दोरीला बांधलेले दगड होते तेथेच सोडावेत. पुढच्या पुनवेला येणाऱ्यास ते लागतील.