लाखेच्या तबकडीवरील सूर

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत जुनी बैठी घरे पाडली जातात, पोटमाळे रिकामे होतात आणि भंगारवाल्याच्या तराजूत कधी कधी काळ्या तबकड्यांची एखादी चळत येऊन पडते. तिची किंमत वजनावर ठरते. त्या तबकड्यांत काय सामावले आहे हे ठाऊक असते, तर देणाऱ्याचा हात क्षणभर थबकला असता.

मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी लाख आणि खनिजांची भुकटी यांच्या मिश्रणातून घडत असे. ही लाख जगाला प्रामुख्याने भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून मिळे. महायुद्धामुळे हा पुरवठा अडला, तेव्हा 1942 साली अमेरिकन सरकारला तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घालावे लागले. मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यांवरचे दुःख ज्या तबकड्यांवर कोरले गेले, त्यांतील लाख आपल्याच आदिवासी बांधवांनी गोळा केलेली असावी, हा विचार मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नाही.

त्या दुःखाच्या गाण्याचे नाव ‘ब्लूज’. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी दारिद्र्य आणि वर्णभेद संपले नव्हते. अशा लोकांनी एक ओळ गावी, तीच पुन्हा आळवावी आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यावे, अशी या गाण्याची साधी घडण. 1920 साली ओके कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूज तबकडी काढली. ती इतकी खपली की हाही ग्राहक आहे, हे व्यापाऱ्यांच्या प्रथमच ध्यानी आले. पॅरामाउंट हे प्रसिद्ध लेबल तर विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचे होते! फोनोची कपाटे विकायची, तर तबकड्याही हव्यात, एवढाच तिचा हिशेब.

या व्यवहारात दुकानदाराचे स्थान मोठे होते. मिसिसिपीतील जॅक्सन शहरी एच. सी. स्पीयर यांचे वाद्ये व तबकड्यांचे दुकान होते. ते आपल्या दुकानात गायकांची परीक्षा घेत आणि योग्य वाटेल त्याची कंपनीकडे शिफारस करीत. चार्ली पॅटन असेच पुढे आले. 1936 साली रॉबर्ट जॉन्सन हा तरुण त्यांच्याकडे आला, त्याच वर्षी त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि दोन वर्षांत तो वारलाही. अशा कलावंतांना बहुधा ठरावीक रक्कम हातावर ठेवली जाई. पुढील नफा कंपनीचा.

त्याच 1936 साली मुंबईत काय घडत होते? आदल्या वर्षी लिऑन अॅबी यांचे कृष्णवर्णीय वादकांचे पथक ताजमहाल हॉटेलात आले होते. त्यातील ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांनी स्वतःचे पथक उभारून मुंबईतच रेक्स लेबलसाठी ध्वनिमुद्रण केले. पुढे टेडी वेदरफोर्ड यांच्या पथकात गोव्याच्या वादकांनाही जागा मिळाली. गावच्या चर्चच्या संगीतशाळेत स्वरलिपी शिकलेल्या आपल्या लोकांनी ही नवी लय सहज आत्मसात केली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले आणि सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (1951) चित्रपटातही त्यांचा सहभाग होता.

याच काळात, 1935 साली, मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीने ‘यंग इंडिया’ हे देशी लेबल काढले. नामवंत कलावंत परदेशी कंपन्यांकडे गुंतलेले, म्हणून तिने नवोदितांना संधी दिली. सुमारे दोन दशकांनी ती बंद पडली. काळा घोडा येथील ‘रिदम हाऊस’मध्ये काचेच्या खोलीत उभे राहून गाणे ऐकण्याचा आनंद अनेक पिढ्यांनी घेतला. तेही 2016 साली बंद झाले.

दुकाने जातात, त्याचे फार दुःख करू नये. दुःख आहे ते नावे पुसली जाण्याचे. आपल्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायकाचे व संगीतकाराचे नाव असे. वाद्यमेळ लिहिणाऱ्या गोमंतकीयाचे आणि व्हायोलिन वाजवणाऱ्याचे मात्र बहुधा नसे. आपल्याच धर्मग्रामांतील कित्येक घरांचा संसार त्या वाद्यांवर चालला, तरी कागदोपत्री त्याची खूण नाही. अमेरिकेत ब्लूजचा इतिहास पुष्कळसा हौशी संग्राहकांनी वाचवला. घरोघर हिंडून त्यांनी तबकड्या आणि वृद्ध गायक दोन्ही शोधून काढले. आपल्याकडेही 1990 साली मुंबईत भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था स्थापन झाली.

परंतु घरातील आजोबांनी कोणत्या गाण्यात वाजवले, हे कोणत्याही संग्राहकाला ठाऊक नसते. ते घरच्यांनाच विचारावे लागते. तेव्हा माळा साफ करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे, एकेक तबकडी त्यांच्या हाती द्यावी आणि ते सांगतील ते नाव वेष्टनावर लिहून ठेवावे. तराजू दारात थोडा वेळ थांबला तरी चालेल.