संगणकाची लबाडी आणि पिठाचा कोंबडा

आमच्याकडे दिवेलागणीच्या आत जेवणं आटोपतात. त्यामुळे जैन बाईची संध्याकाळ इतर बायकांपेक्षा दोन तासांनी मोठी असते, हे तुम्हां सगळ्याजणींना ठाऊकच आहे. कुणी स्वाध्यायाला बसतं, कुणी मालिका बघतं. मी मात्र त्या वेळात, मधे बरीच वर्षं सोडली तर, कॉम्प्युटरशी लढाई खेळत आले. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईनं हे छापून सांगावं का, असा प्रश्न पडलाच. पण या कॉम्प्युटर नावाच्या प्रतिस्पर्ध्यालाही एक इतिहास आहे, आणि त्यात माझ्यासारख्या घरी एकटीनं खेळणाऱ्या बायकांचाही कुठंतरी धागा अडकलाय.

बुद्धिबळात मी एक चाल करायची, मग तुम्ही. विचार करायला सवड असते. 1992 साली वेस्टवूड स्टुडिओजचा 'ड्यून टू' आला आणि खेळांची एक वेगळीच जात रूढ झाली. इथं पाळी नाहीच. तुम्ही घर बांधत असता, तेव्हाच तिकडं शत्रू सैन्य जमवत असतो, घड्याळ कुणासाठी थांबत नाही. 1994 चा 'वॉरक्राफ्ट', 1995 चा 'कमांड अँड कॉन्कर', 1998 चा 'स्टारक्राफ्ट' ही सगळी त्याच घराण्यातली भावंडं. आमच्या बेळगावात पोचला तो 'एज ऑफ एम्पायर्स', आणि त्यातही 1999 चा दुसरा भाग. तीन गावकरी, एक घोडेस्वार, 200 अन्न, 200 लाकूड, 100 सोनं आणि 200 दगड एवढ्यावर संसार मांडायचा आणि साम्राज्यापर्यंत न्यायचा. संसार मांडायचा हे मी उगीच म्हणत नाही. या खेळात लढाई नंतरची, आधी चूल.

2001 साली मी कॉलेजात होते. मुलं सायबर कॅफेत जाऊन एकमेकांशी खेळत. आम्हां मुलींना तिथं जायला कुणी मनाई केली नव्हती, पण कुणी जात नव्हती. अण्णानं हिशेबासाठी म्हणून दुकानातला कॉम्प्युटर घरी आणला आणि कुणाकडून तरी ती सीडी मिळवली. तो कॅफेत जाई, मी घरी खेळे. माझ्यासमोर माणूस कधी नव्हताच, फक्त यंत्र.

सोप्या पातळीवर मी पटकन जिंकू लागले. मधल्या पातळीवरही. सगळ्यात अवघड पातळी निवडली की मात्र हरायचे, आणि नुसती हरायची नाही, धूळधाण उडायची. माझी पहिली भाल्याची फळी तयार होईतो त्याचे घोडेस्वार माझ्या शेतात हजर. त्याच्याकडं एवढं अन्न येतं कुठनं, हे मला कळेना. मी पहाटेच्या दळणासारखी घाई करायचे, तरी त्याचं कोठार माझ्यापेक्षा भरलेलं. अण्णा म्हणाला, "तुला नाही जमायचं ते. त्याला डोकं लागतं." मी वर्षभर झगडले आणि त्याचं म्हणणं खरं मानून सोडून दिलं. लग्न होऊन निपाणीला आले, मग तो विषय संपलाच.

2020 च्या टाळेबंदीत मुलानं नवी आवृत्ती लॅपटॉपवर घातली. त्याला माझी जुनी हार सांगितली तर तो हसायला लागला. "आई, तो जुना कॉम्प्युटर चीटिंग करायचा गं. सगळ्यात अवघड पातळीवर त्याला फुकटचं अन्न-लाकूड मिळायचं."

मी जागच्या जागी बसले. वीस वर्षं मनात बाळगलेली एक नालस्ती अशी एका वाक्यात पुसली जाईल असं वाटलं नव्हतं.

पुढं वाचत गेले तेव्हा कळलं की ही लबाडी एका खेळापुरती नव्हती, तो रिवाजच होता. त्या काळी यंत्राला विचार करणं फार थोडं जमायचं. ठरावीक नियमांच्या फायली असत, अमुक झालं की तमुक कर, एवढंच. मुरलेल्या खेळाडूला तेवढ्यानं घाम फुटत नसे. मग बनवणारे यंत्राच्या ताटात गुपचूप जास्तीचं वाढत, किंवा झाकलेला नकाशा त्याला उघडा दाखवत. 'स्टारक्राफ्ट टू'मध्ये निदान उघडपणे पातळ्यांची नावंच 'चीटर' अशी ठेवली: कुणाला नजर जास्त, कुणाला संपत्तीही जास्त. मला हा प्रामाणिकपणा आवडला. ठकानं दारावर 'ठक' अशी पाटी लावली तर तक्रार कसली करायची?

नोव्हेंबर 2019 मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स टू'ची जी सुधारित आवृत्ती आली, तिच्यातलं यंत्र मात्र लबाडी करत नाही. सगळ्यात वरच्या पातळीवरसुद्धा त्याला तुमच्याएवढंच मिळतं. मी मोठ्या उत्साहानं बसले. आता बघते तुला, म्हटलं.

आणि सपशेल हरले.

ती हार पहिल्या हारीपेक्षा जड गेली, कारण आता बोट दाखवायला काही उरलं नव्हतं. पण खेळ सुधारायला लागला तो तिथूनच. या खेळाची नोंद राहते आणि ती नंतर प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनंही बघता येते. मी यंत्राच्या खुर्चीत बसून आमचा सामना बघितला. लढाई बघितलीच नाही, पहिली दहा मिनिटं तेवढी बघितली. एक गावकरी तयार व्हायला 25 सेकंद आणि 50 अन्न लागतं. तिघांचे एकवीस करायचे तर अठरा जण, म्हणजे 450 सेकंद, साडेसात मिनिटं. यंत्राचं टाउन सेंटर त्या सगळ्या वेळात क्वचितच रिकामं होतं. माझं? कधी अन्न संपलेलं, कधी 25 लाकडांचं घर बांधायचं राहिलेलं, कधी मी कुंपण किती छान दिसतंय ते बघत बसलेली. पुढच्या युगात जायला लागणारं 500 अन्न माझ्याकडं जमलं तेव्हा पंधरा मिनिटं होऊन गेली होती. चुलीवर तवा तापलाय आणि पोळी लाटलेलीच नाही, असली अवस्था. गॅस जळतोय, काम नाही.

मग मी महिनाभर लढाई सोडूनच दिली. नुसती पहिली दहा मिनिटं खेळायची, थांबायचं, पुन्हा सुरू. 'एच' दाबलं की टाउन सेंटर, टिंबाची कळ दाबली की रिकामटेकडा गावकरी सापडतो. माउसनं शोधत फिरायचं नाही. मुलगा कंटाळून म्हणायचा, "अगं, पुढं जा की!" पण स्वयंपाकघर हातात आल्याखेरीज पंगत वाढायला घेऊ नये, एवढं मला निपाणीच्या एकत्र कुटुंबानं शिकवलं होतं. दोन महिन्यांनी मधल्या पातळ्या सहज जाऊ लागल्या, आणि चार-पाच महिन्यांत सगळ्यात वरच्या खालची पातळी पार झाली.

यात एक फसगत आहे, तीही सांगते. रोज त्याच यंत्राशी खेळलं की आपण खेळ शिकत नाही, यंत्राच्या सवयी शिकतो. पण सवयी ओळखणं अगदीच वाया जात नाही. जानेवारी 2019 मध्ये डीपमाइंड कंपनीनं 'अल्फास्टार' जगापुढं आणला. तो 'स्टारक्राफ्ट टू' खेळायचा आणि स्वतःच्याच आवृत्त्यांशी खेळून खेळून शिकलेला होता. त्याच्या एकेका रूपानं 200 वर्षांइतका सराव केला होता म्हणतात. टीएलओ आणि मॅना या दोन व्यावसायिक खेळाडूंना त्यानं पाच-पाच सामन्यांत, दहाच्या दहा हरवलं. पण या अल्फास्टारला माणसासारखा पडदा सरकवत बघावं लागत नव्हतं, नकाशावरचं दिसण्याजोगं सगळं त्याला एकाच वेळी दिसे. म्हणजे जुनीच गोष्ट, थोडी सभ्य कपड्यांत! पडदा सरकवायची अट घातलेली आवृत्ती सर्वांसमोर मॅनाशी खेळली, तेव्हा मॅना जिंकला. एका उडत्या वाहनातून दोन यंत्रसैनिक तो शत्रूच्या घरामागं उतरवायचा, अल्फास्टारचं अख्खं सैन्य परत फिरलं की ते उचलून घ्यायचा, सैन्य पुढं निघालं की पुन्हा उतरवायचा. 200 वर्षांचा सराव दारापासून अंगणापर्यंत हेलपाटे घालत राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीला अल्फास्टार सुधारून सर्वांत वरच्या श्रेणीत पोचला, हेही खरं. पण तो सामना मी चार वेळा बघितलाय.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायचं लांबवत होते, ती.

2001 मध्ये एका संध्याकाळी आज्जी मागं येऊन उभी राहिली. पडद्यावर माझे गावकरी रानडुकराला बाण मारत होते. "डुक्कर मारालीस होय गं?" मी म्हटलं, आज्जी, ते खरं नाही, चित्र आहे. ती म्हणाली, "यशोधरानं मारलेला कोंबडा तरी कुठं खरा होता?" आणि माळ घेऊन निघून गेली.

यशोधराची कथा तुम्हांला माहीत आहे. आपल्या या भागात ती कानडीतून, जन्नाच्या तेराव्या शतकातल्या काव्यातून घराघरात पोचलेली. आईच्या आग्रहाखातर राजानं देवीपुढं पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी मायलेकांना पशूंचे किती जन्म घ्यावे लागले! हात कशावर चालला यापेक्षा मन कशावर चाललं, हा त्यातला हिशेब.

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. 2020 मध्ये मात्र आज्जी नव्हती आणि ते वाक्य होतं. मी मांसाशिवाय खेळून बघायचं ठरवलं. सुरुवातीचं अन्न साधारण असं असतं: आठ मेंढ्या, प्रत्येकी 100, दोन रानडुकरं, प्रत्येकी 340, बोरांसारखी फळझुडपं सहा, प्रत्येकी 125. एकूण 2230. मेंढ्या-डुकरं सोडली तर उरतात 750. एक तृतीयांश. बाकी सगळं शेतीतून, आणि एका शेताला 60 लाकूड. म्हणजे मीच माझ्यावर उलटी लबाडी लादून घेतली होती. मुलगा म्हणाला, "आणि माणसं मारताना काही वाटत नाही का तुला?" त्याला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही.

2022 मध्ये भारतातल्या राजवटींचा एक विस्तार आला. त्यातल्या गुर्जरांना सुरुवातीला दोन झुडपं जास्त मिळतात, आणि त्यांच्या मेंढ्या न मारता गिरणीत ठेवता येतात. मेंढी आत जिवंत राहते आणि अन्न येत राहतं. मला पाटणचा कुमारपाळ आठवला. हेमचंद्राचार्यांच्या सांगण्यावरून त्यानं बाराव्या शतकात गुजरातेत प्राणिहत्येला बंदी घातली होती.

सध्या मी गुर्जर घेऊनच खेळते. वरच्या खालच्या पातळीवर तीनांतला एखादा सामना हाती लागतो, सगळ्यात वरच्या पातळीवर एकही नाही. रानडुकरं जंगलात तशीच उभी असतात. कधीकधी यंत्राचा एखादा गावकरी येतो आणि माझ्या हद्दीतलं डुक्कर मारून नेतो. मी बघत राहते, आणि 'एच' दाबून पुढचा गावकरी करायला घेते.