ग्रंथप्रसार, लेखककृत
ग्रंथ लिहून झाल्यावर तो वाचकांपर्यंत पोहोचावा, यासाठी लेखकाने स्वतः किंवा आपल्या निकटवर्तीयांकरवी केलेला खटाटोप. जाहीर वाचन, आगाऊ वर्गणीदार मिळविणे, नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्धी, व्याख्याने, गायन ही त्याची प्रमुख साधने होत. मराठीत स्वतंत्र प्रकाशनव्यवसाय स्थिरावण्यापूर्वी लेखकालाच बहुधा प्रकाशक व विक्रेता व्हावे लागे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला (१८७४–८१) जवळजवळ एकहाती चालली. ग्रंथांना वाचक व आश्रय मिळावा, या चिंतेतूनच न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांनी १८७८ मध्ये पुण्यास ग्रंथकारांची सभा भरविली.

निरक्षर वाचकवर्गाची अडचण जोतीराव फुले यांनी वेगळ्या मार्गाने सोडविली. शेतकऱ्याचा असूड (१८८३) ह्या ग्रंथाचे भाग त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इ. ठिकाणी लोकांसमोर वाचून दाखविले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले. ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहिला, त्यांना तो वाचता येत नव्हता. तेव्हा वाचन हाच येथे प्रसार होता. श्री. व्यं. केतकरांना महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ खंडांसाठी मर्यादित कंपनी काढून भागधारक व वर्गणीदार मिळवीत हिंडावे लागले. संपादनाइतकेच श्रम त्यांना ह्या कामी पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नाशिक येथील इतिहास याहून निराळा आहे. तेथे ग्रंथप्रसार हा राजकीय कार्याचाच एक भाग बनला. विसाव्या शतकाच्या आरंभी सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्यात गोविंद त्र्यंबक दरेकर ऊर्फ कवी गोविंद (१८७४–१९२६) हे सामील झाले. दोन्ही पायांनी अधू असलेले हे कवी आरंभी लावण्या रचीत. मेळ्याच्या सहवासात ते स्वातंत्र्याचे शाहीर झाले. त्यांचे पोवाडे व पदे गणेशोत्सवात आणि शिवजयंतीस मुलांकडून म्हणवून घेत. छापील पुस्तिका मागाहून हाती पडे, गाणे आधीच तोंडी बसलेले असे. कवीला स्वतःला फारसे हिंडताफिरता येत नसताना त्याची कविता सर्वत्र फिरत होती. पुढे सरकारने अशा पोवाड्यांवर बंदी घातली.

विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले. तेथून त्यांनी पाठविलेले जोसेफ मॅझिनीविषयीचे हस्तलिखित त्यांचे थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. लेखक सातासमुद्रापलीकडे आणि प्रसाराचा सर्व भार नाशिकच्या एका गृहस्थावर, अशी ही विभागणी होती. आवृत्ती अल्पावधीत संपली. पुढे ग्रंथ जप्त झाला. १८५७ च्या उठावावरील ग्रंथ तर मराठीत छापणेच शक्य झाले नाही. हस्तलिखित परत गेले आणि इंग्रजी भाषांतर १९०९ मध्ये हॉलंडमध्ये छापले गेले. प्रसिद्धीपूर्वीच बंदी आल्याने डिकन्झच्या पिकविक पेपर्ससारख्या निरुपद्रवी पुस्तकांची वेष्टने चढवून त्याच्या प्रती हिंदुस्थानात आणल्या गेल्या. एरव्ही ज्या मुखपृष्ठावर विक्री अवलंबून असते, तेच येथे लपवावे लागले. ही बंदी १९४६ मध्ये उठली.

ह्या उद्योगाची किंमत बाबारावांना मोजावी लागली. लघु अभिनव भारतमाला ह्या नावाने त्यांनी १९०८ मध्ये कविता प्रसिद्ध केल्या. त्याबद्दल राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचा आरोप ठेवून जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा देण्यात आली. उच्च न्यायालयानेही ती कायम केली. हा खटला कविता रचल्याचा नव्हता, ती छापून प्रसृत केल्याचा होता. शिक्षेविषयीच्या संतापातून २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध झाला. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने छापखान्यांकडून तारण मागण्याचा अधिकार सरकारला दिला. छोट्या मुद्रकांना त्याची धास्ती लेखकांपेक्षा अधिक वाटणे स्वाभाविक होते. बाबारावांची सुटका १९२२ मध्ये झाली.

पुढच्या पिढीत नाशिकचेच वि. वा. शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज यांच्या बाबतीत हे काम दुसऱ्याच लेखकाने केले. विशाखा (१९४२) हा त्यांचा संग्रह वि. स. खांडेकरांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केला व त्याला प्रस्तावनाही लिहिली. लोकप्रिय कादंबरीकाराचा हा शब्द त्या काळी कोणत्याही जाहिरातीहून वजनदार होता. कुसुमाग्रजांना १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांच्या नावाच्या नाशिक येथील प्रतिष्ठानाने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम काढला. त्यात पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांकडे पाठविल्या जातात व ठराविक काळाने गटागटांत बदलल्या जातात.