आकाशांतील टपाल आणि समुद्रावरचा व्यापार

विमानें फिरूं लागण्यापूर्वीं मुंबईच्या मोठ्या पेढ्यांचा आठवडा विलायतेच्या टपालबोटीवरून मोजला जाई. बोट बंदरास लागली कीं फोर्ट भागांत धांवपळ उडे. आणि परत जाणाऱ्या बोटीची वेळ गांठण्यासाठीं कारकून मंडळी रात्रीं उशिरापर्यंत लिहीत बसत. मुंबईहून लंडनला पत्र पोहोंचण्यास सुमारें पंधरा दिवस लागत. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर हातीं येईपर्यंत महिना उलटे. १८७० पासून समुद्रांतून टाकलेल्या तारेनें मुंबई व लंडन जोडलीं गेलीं होतीं हें खरें. पण तार बातमी नेते, कागद नेत नाहीं. कापसाचा भाव तारेनें कळे. सही-शिक्क्याची हुंडी मात्र बोटीनेंच जाई. व्यापार तर अशा कागदांवरच चालतो.

विमानानें परदेशी व्यापाराच्या क्षेत्रांत पहिलें पाऊल टाकलें तें या कागदांच्या निमित्तानें. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत सुमारें साडेसहा हजार पत्रें उडवून नेलीं. तो प्रदर्शनांतला एक चमत्कार होता. खरी नियमित सोय झाली ती ३० मार्च १९२९ रोजीं, इंपीरियल एअरवेज कंपनीचा लंडन-कराची मार्ग सुरू झाला तेव्हां. त्या प्रवासांत सलग उड्डाण नव्हतेंच. लंडनहून बाझलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, पुढें भूमध्य समुद्रावरून जलविमान, आणि अलेक्झांड्रियापासून बगदाद-बसऱ्यावरून कराचीपर्यंत पुन्हां विमान, असा तो प्रकार होता. तरीहि टपाल सात दिवसांत हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागूं लागलें.

परंतु कराची म्हणजे मुंबई नव्हे. हें उरलेलें अंतर १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं भरून निघालें. त्या दिवशीं जे. आर. डी. टाटा यांनीं एक लहानसें पुस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू येथील मैदानावर आणून उतरविलें, आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तेंच टपाल पुढें बेल्लारीवरून मद्रासला नेलें.

आठवडाभर वांचल्यानें व्यापाऱ्याचें काय हित झालें, हें समजण्यासाठीं एका व्यवहाराकडे पाहिलें पाहिजे. मुंबईच्या व्यापाऱ्यानें लिव्हरपूलला कापसाच्या गांठी पाठविल्या, तर माल भरल्याची जहाजाची पावती, विम्याचा दाखला आणि बीजक हुंडीला जोडून तो तें सारें बँकेच्या स्वाधीन करी. हे कागद पलीकडे पोहोंचेपर्यंत हुंडी पुढें सरकत नसे आणि कोणाचा तरी पैसा वाटेंत अडकून पडे. एक लाख रुपये शेंकडा ५ दराच्या व्याजानें सात दिवस अडकले, तर सुमारें ९६ रुपये व्याज चढतें. एका हुंडीवर ही रक्कम क्षुल्लक वाटेल; पण वर्षभराच्या शेंकडों हुंड्यांवर ती मोठी होते. शिवाय माल बोटीनें सावकाश येत असतां कागद विमानानें आधींच येऊन थांबले, तर गोदींत माल पडून राहत नाहीं आणि दंडाचें भाडेंहि भरावें लागत नाहीं. पूर्वीं या सोयीसाठीं जादा टपालहंशील पडे. १९३८ मध्यें ब्रिटिश साम्राज्याच्या नव्या योजनेनुसार हिंदुस्थानचीं साधीं पत्रेंहि जादा आकाराशिवाय विमानानें जाऊं लागलीं. पण १९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध पेटलें आणि ती सवलत संपली.

येथेंच या इतिहासाचा दुसरा धडा आहे. खुला समुद्र सर्वांचा आहे. आकाश मात्र खालच्या भूमीच्या धन्याचें आहे. इराणच्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी संपली, तेव्हां १९३२ मध्यें कराचीचा मार्ग अरबस्तानच्या बाजूस शारजाकडे वळवावा लागला. जून १९४० मध्यें इटली युद्धांत उतरली आणि भूमध्य समुद्रावरील वाट बंद झाली. पुढें ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें जो करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमानें प्रत्येक राष्ट्राचें स्वतःच्या आकाशावरील पूर्ण स्वामित्व मान्य केलें. कोणाचें विमान कोठें उतरावें आणि तेथून माल व उतारू घ्यावे कीं नाहीं, हें तेव्हांपासून मुख्यतः दोन-दोन राष्ट्रांच्या करारांनीं ठरत आलें. ब्रिटन व अमेरिका यांचा १९४६ चा बर्म्युडा करार हा त्यांचा पहिला मोठा नमुना होय. १९४७ च्या फाळणींत कराचीचें जुनें द्वार भारताबाहेर गेलें. आणि ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गें निघून १० जूनला लंडनला पोहोंचलें.

त्यानंतर कागदांच्या मागोमाग मालहि विमानांत चढला. आज जगाच्या परदेशी व्यापारांतील मालाच्या वजनाचा शंभरावा हिस्सादेखील विमानानें जात नाहीं. पण किंमतीच्या मानानें तोच सुमारें एक तृतीयांश भरतो. कारण विमानांत चढतो तो हिरा, औषध, नाजूक यंत्र, किंवा आठवड्यांत नासणारा माल. कोंकणच्या हापूस आंब्यानें मात्र दाखवून दिलें कीं केवळ वेग पुरत नाहीं. विमानें कित्येक वर्षें जात-येत होतीं. तरी अमेरिकेचे कीडविषयक नियम पाळून, नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या केंद्रांत विकिरणप्रक्रिया होऊं लागल्यावर, २००७ सालींच तो त्या बाजारांत जाऊं शकला.

आणि वेगावर विसंबण्याची किंमतहि असते. एप्रिल २०१० मध्यें आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळें युरोपच्या मोठ्या भागावरील उड्डाणें सुमारें सहा दिवस थांबलीं. राख युरोपवर होती, पण नुकसान दूर आफ्रिकेंतील केनियांतहि झालें. तेथें निर्यातीचीं फुलें टनांनीं फेंकून द्यावीं लागलीं आणि तीं खुडणाऱ्या मजुरांना घरीं बसावें लागलें. बोट चार दिवस उशिरां आली तर जुना पेढीवाला व्याज मोजून स्वस्थ राही. ज्याचा मालच चार दिवस टिकत नाहीं, त्याला तेवढी सवड नसते. विमानानें दूरचा बाजार उत्पादकाच्या उंबरठ्याशीं आणला. त्याचबरोबर दूरचें संकटहि त्याच उंबरठ्याशीं येऊन ठेपलें.