त्लाश्काला येथील निरख : कोकोच्या बियांचें चलन

बाजारभावाचे कागद हातीं आले तरी संग्राहक ते बहुधा सनदा व बखरी यांच्या मागें ठेवितात. परंतु कोणता समाज कशास मोल देत असे, हें समजून घेण्यास त्यांसारखें साधन नाहीं. मेक्सिको देशांतील त्लाश्काला येथील इ. स. १५४५ चा, नाहुआत्ल भाषेंतील निरख हें याचें उत्तम उदाहरण होय.

मेक्सिकोची राजधानी १५२१ मध्यें स्पॅनिश लोकांच्या हातीं पडली होती. तरीही चोवीस वर्षांनंतरच्या या निरखांत भाव दिले आहेत ते कोकोच्या बियांत. टर्कीचें अंडें ३ बिया, नुकतें तोडलेलें ॲव्होकॅडो फळ ३, पूर्ण पिकलेलें १, मोठा टोमॅटो १. टर्कीची चांगली मादी भरदार बियांस १००, तर सुकलेल्या बियांस १२०. नाण्यांवरील बट्टा ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा भेद उकलून सांगणें नको. बियांतील गर काढून आंत माती भरणारे लबाडही त्या प्रदेशांत होते.

याच बिया वाटून सरदार लोक पेय करीत; म्हणजे ते आपलें चलनच पीत असत. सतराव्या शतकांत गुजरातेंत इराणी बदाम खुर्द्याप्रमाणें चालत, पण ते कडू असल्यामुळें कोणाच्या पोटांत जाण्याचें भय नव्हतें.

सोन्याविषयीं याच्या उलट प्रकार दिसतो. स्पॅनिश लोक त्यासाठीं वेडावले. तेथील लोकांस मात्र हिरवा जेड पाषाण व केत्झाल पक्ष्याचीं पिसें त्याहून मोलाचीं वाटत. ३० जून १५२० च्या रात्रीं कोर्तेसची फौज राजधानींतून पळाली, तेव्हां सोन्याच्या भारानें कित्येक शिपाई तळ्यांत बुडाले. बर्नाल दियास या शिपायानें चार हिरवे खडे तेवढे उचलले होते. पुढें जखमांचा उपचार व अन्न त्यांच्याच मोलावर मिळालें, असें त्यानें स्वतः लिहून ठेविलें आहे.

म्हणून जुन्या निरखांतील आंकडे एकदम रुपयांत किंवा सोन्याच्या तोळ्यांत उतरविण्याची घाई करूं नये. शंभर बियांचें इतकें रुपें, असें लिहून मोकळें झालें कीं भरदार व सुकलेली बी निवडणारा बाजार त्या कागदांतून नाहींसा होतो.